आधी गोठ्याची सोय, मग कळसूबाईची चढण

आपल्या भागातली वयस्क माणसं चालायला घाबरत नाहीत. कोजागिरीला तुळजापूरची पायी वाट, चैत्रात येरमाळ्याची येडाई, आषाढीला पंढरी, हे अंगवळणी पडलेलं आहे. पण साठीतले नवरा-बायको जोडीनं मोठा डोंगर चढून आले, असं क्वचितच ऐकू येतं. कारण गुडघ्यात नाही, गोठ्यात आहे. एकानं जायचं तर दुसऱ्यानं धारा काढायच्या, आणि मागं राहते ती बहुतेक वेळा कारभारीणच.

तेव्हा यंदा दोघांनी मिळून कळसूबाईचा बेत करायला काय हरकत आहे? अकोले तालुक्यातलं हे शिखर १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रात सर्वांत उंच. आपलं धाराशिव साधारण ६५० मीटरवर आहे. म्हणजे आपल्यापेक्षा सुमारे हजार मीटर वर. तिथं हवा पाच-सहा अंशांनी गार असते. विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरच्या पुढं सुरू होतो, त्यामुळं तशी भीती नाही. माथ्यावर देवीचं छोटं देऊळ आहे. कळसू नावाची कोळ्याची पोर केर-भांडी करणार नाही या अटीवर कामाला राहिली. ती अट मोडली तेव्हा डोंगरावर निघून गेली, अशी आख्यायिका सांगतात. घरकामातून कधी सुट्टी न मिळालेल्या बाईनं पाहावी अशीच ही देवी!

जायचं कधी? नवरात्रात तिथं मोठी गर्दी असते आणि आपलं सोयाबीन काढणीला आलेलं असतं. पावसाळ्यात वाट निसरडी, वर धुकं. तुरीची रास झाल्यावर आणि ज्वारी काढणीला येण्याआधी चार दिवस मोकळे मिळतात, तेच धरावेत. अहिल्यानगर, संगमनेर, अकोले, राजूर करत बारी गाव गाठावं, तिथं किंवा भंडारदऱ्याला मुक्काम करावा आणि पहाटे चढायला लागावं.

तयारी दीड-दोन महिने आधीपासून हवी. आधी डॉक्टरकडून रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्या. छातीत दुखणं, चालताना धाप लागणं असा त्रास असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बेत थांबवा. मग रोज तासभर चाला. आठवड्यातून दोनदा जवळची टेकडी किंवा देवाच्या पायऱ्या चढा-उतरा. चढताना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे; बोलणं तुटलं की वेग जास्त झाला असं समजा. उताराला आडवी नांगरट करतो, तसं चढही नागमोडी घ्यावा. गुडघ्यावर खरा भार येतो तो उतरताना, म्हणून हातात काठी पाहिजेच.

पायात पकड घेणारे बूट घाला, रबरी चप्पल नको. बाईंनी काष्टा घातला तर लोखंडी शिड्यांवर पाय मोकळा राहतो. माणशी दोन-तीन लिटर पाणी, भाकरी, गूळ-शेंगदाणे, साखर-मीठ आणि रोजच्या गोळ्या सोबत घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचं. किडीनं आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली की फवारणी, हे आपण शेतात आधीच ठरवतो. तसंच परतायची वेळही घरूनच ठरवून निघा. दुपारी बारापर्यंत जिथं पोचाल तिथून माघारी फिरायचं. दोघांतल्या एकानं ‘बास’ म्हटलं की दुसऱ्यानं हुज्जत घालायची नाही. शिखर कुठं पळून जात नाही, पण अंधारात शिडी उतरणं जिवावर बेतू शकतं.

राहता राहिला गोठा. पोरगा-सून असतील तर धारा त्यांच्यावर सोपवा. नसतील तर शेजाऱ्याशी सावड करा, पेरणीला करतो तशीच. सरपंच आणि ग्रामसेवकांनीही यात लक्ष घालावं. गावातल्या चार-पाच जोड्यांची प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करवून एकच गाडी ठरवली, तर भाडं वाटून जाईल आणि सोबतही होईल. मात्र नावं लिहून घेताना एक पाहावं. बाप्याचं नाव आलं की बाईचंही आलंच पाहिजे. ‘जनावरं कोण बघणार?’ हा प्रश्न त्या दिवशी तरी तिच्या गळ्यात पडू नये.