बेस बोलतोय, रोव्हर ऐकत नाही!

मित्रांनो, आपल्या मेसमध्ये भिंतीवर एक मोठं घड्याळ आहे असं समजा. ते कधी चार मिनिटं पुढे असतं, कधी तीन मिनिटं मागे. त्याच्याखाली एक मुलगा बसवला. त्याच्या मनगटावर अगदी बरोबर वेळ आहे. तो सारखा ओरडून सांगतो, "आत्ता हे चार मिनिटं पुढे आहे!" मग हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या, स्वतःचं घड्याळ नसलेल्या मुलालाही बरोबर वेळ कळते. जीएनएसएस सर्व्हेमध्ये ओरडणारा मुलगा म्हणजे बेस, ऐकणारा म्हणजे रोव्हर आणि भिंतीवरचं घड्याळ म्हणजे उपग्रह.

ही युक्ती चालायला चार गोष्टी लागतात. आवाज पोहोचला पाहिजे. भाषा कळली पाहिजे. दोघांनी एकाच घड्याळाकडे पाहिलं पाहिजे. आणि ओरडणाऱ्याची स्वतःची वेळ बरोबर पाहिजे. करेक्शनच्या बहुतेक तक्रारी या चारपैकी एका खणात बसतात. गेल्या दोन उन्हाळ्यांत मी धडगाव आणि शहादा तालुक्यांत एका सर्व्हे पार्टीबरोबर रोव्हरची काठी धरून फिरलो. तिथे जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो.

एवढी उठाठेव कशासाठी?

एक एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ४०४७ चौरस मीटर. शेत चौकोनी असेल तर एक बाजू सुमारे ६३.६ मीटर. आता चारही बांध एकेक मीटर आत धरले गेले तर किती जमीन जाते? करून बघा, जवळजवळ अडीच गुंठे! आपल्या जिल्ह्यात सातपुड्याच्या उतारावर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली हजारो दावे झाले. प्रत्यक्ष कसत असलेली जमीन, तीही जास्तीत जास्त ४ हेक्टर, असा तो हक्क. त्यातली बरीच मोजणी हातात मावणाऱ्या साध्या जीपीएसवर झाली. त्याची चूक मोकळ्या जागेतही तीन ते पाच मीटर असू शकते. बेस आणि रोव्हरची जोडी हीच चूक दोन-तीन सेंटीमीटरवर आणते. मात्र जोडी नीट बोलत असेल तरच.

आधी कंट्रोलरकडे बघा

करेक्शन बिघडलं की पहिली धावपळ केबल हलवण्याची होते. तसं करू नका. कंट्रोलरच्या स्क्रीनवर चार गोष्टी वाचा: सोल्युशनचा प्रकार, करेक्शनचं वय, वापरात असलेले उपग्रह आणि बेसचा आयडी व अंतर.

सोल्युशन 'सिंगल' किंवा 'ऑटोनॉमस' असेल तर रोव्हर एकटाच आहे, चूक काही मीटर. 'डीजीपीएस' म्हणजे साधारण मीटरच्या आत. 'फ्लोट' म्हणजे काही डेसिमीटर. 'फिक्स' म्हणजे सेंटीमीटर. फ्लोट आणि फिक्समधला फरक समजून घ्या. जीपीएसच्या एल-वन लहरीची लांबी सुमारे १९ सेंटीमीटर. उपग्रह आणि ॲन्टेना यांच्यामध्ये अशा पूर्ण लहरी किती बसतात हे रोव्हरला शोधायचं असतं. तो पूर्णांक नक्की ठरला की फिक्स, अजून अपूर्णांकात घुटमळत असेल तर फ्लोट.

पहिला खण: आवाज पोहोचत नाही

खूण अशी की करेक्शनचं वय दिसतच नाही, किंवा १, २ सेकंदांवर न थांबता १०, २०, ३० असं वाढत जातं. रेडिओ वापरत असाल तर बेसच्या रेडिओचा दिवा दर सेकंदाला लुकलुकतो का बघा. लुकलुकत असेल तर दोन्हीकडची फ्रीक्वेन्सी, चॅनेलची रुंदी म्हणजे १२.५ की २५ किलोहर्ट्झ, रेडिओचा प्रोटोकॉल आणि हवेतला बॉड रेट जुळवा. यातलं एकही वेगळं असेल तर रोव्हर ठार बहिरा. मग बॅटरी. १२ व्होल्टची जुनी बॅटरी नुसती मोजली तर ठीक दाखवते, पण रेडिओ प्रक्षेपण करू लागला की व्होल्टेज कोसळतं. म्हणून मोजायचं ते रेडिओ चालू असताना. आणि ॲन्टेना लावल्याशिवाय रेडिओ कधीही चालू करू नका, प्रक्षेपक जळू शकतो.

तापीकाठच्या सपाटीवर रेडिओ कित्येक किलोमीटर जातो. धडगाव-तोरणमाळच्या बाजूला मात्र मध्ये एक डोंगराची धार आली की दोन किलोमीटरवरही सगळं गप्प. इथे वॅट वाढवून फार उपयोग नाही. बेस किंवा रेडिओची ॲन्टेना उंचावर, दोन्हीकडून दिसेल अशा जागी न्या.

इंटरनेटवरून एनट्रिपने करेक्शन घेत असाल, उदाहरणार्थ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स केंद्रांचं, तर सिमचा डेटा, एपीएन, सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, माउंटपॉइंट आणि पासवर्ड या क्रमाने जा. नेटवर्क सोल्युशनसाठी रोव्हरने आपली जागा सर्व्हरला कळवावी लागते. ती सेटिंग बंद असेल तर लॉगिन होतं पण डेटा येत नाही. टॉवरच नसेल अशा दरीत हट्ट सोडा. बेस आणि रोव्हर दोन्हीवर कच्चा डेटा साठवा आणि संध्याकाळी संगणकावर प्रोसेस करा.

दुसरा खण: भाषा कळत नाही

वय दिसतंय, दिवाही लुकलुकतोय, पण सोल्युशन 'सिंगल'च. अशा वेळी फॉरमॅट बघा. बेस आरटीसीएम ३.२ मध्ये बोलतोय आणि जुना रोव्हर फक्त २.३ किंवा ३.० समजतो, असं सर्रास होतं. दोन कंपन्यांचे रिसीव्हर जोडले की हे पहिलं तपासा. दुसरं म्हणजे बेसने स्वतःची जागा सांगणारा १००५ किंवा १००६ क्रमांकाचा संदेश पाठवलाच पाहिजे. निरीक्षणं आली पण ती कुठून आली हे कळलं नाही, तर रोव्हर काय करणार?

तिसरी गंमत म्हणजे गर्दी. चारही उपग्रहमाला, सविस्तर संदेश आणि रेडिओचा वेग ९६०० असेल तर एका सेकंदाचं बोलणं एका सेकंदात मावत नाही. मग शब्द तुटतात आणि वय उड्या मारतं. आटोपशीर संदेश निवडा, बहुतेक वेळा सुटतं.

तिसरा खण: घड्याळ एक नाही

वय १-२ सेकंद आहे, तरी फ्लोट सुटत नाही. आता आकाशाकडे बघा. बेस आणि रोव्हर दोघांना *तेच* उपग्रह दिसले पाहिजेत, किमान पाच, आणि जास्त असतील तितकं बरं. शहाद्याकडे उभा ऊस दोन मीटरच्या काठीपेक्षा उंच असतो. डोंगरात मोह, आंबा, साग. बेस पत्र्याच्या छपराशेजारी लावला तर उपग्रहाचे संदेश पत्र्यावर आपटून येतात आणि बेसच सगळ्यांना गोंधळात टाकतो. सावलीसाठी बेस झाडाखाली ठेवण्याचा मोह तर टाळाच!

अंतराचाही हिशोब आहे. आरटीकेची नेहमीची अचूकता ८ मिलिमीटर अधिक दर किलोमीटरला १ मिलिमीटर अशी लिहितात. शिवाय आपण २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे आयनोस्फिअर सर्वात दाट असतो त्या पट्ट्याच्या जवळ राहतो. सूर्याच्या जोरकस वर्षांत, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, सूर्यास्तानंतर चांगला फिक्सही तुटू शकतो. रिसीव्हर बिघडला म्हणून त्याला दोष देण्याआधी घड्याळ बघा. महत्त्वाचे बिंदू सकाळी घ्या.

चौथा खण: ओरडणाराच चुकलाय

हा सर्वात घातक, कारण इथे स्क्रीनवर सगळं हिरवंगार असतं. फिक्स, वय १ सेकंद, अचूकता १ सेंटीमीटर. तरीही उत्तर चूक.

एका पाड्यावर पार्टीने पहिल्या दिवशी बेस लावून जागा विचारल्यावर सरळ 'हिअर' बटण दाबलं. म्हणजे बेसने स्वतःची जागा स्वतःच अंदाजे ठरवली. दुसऱ्या दिवशी त्याच खुणेवर बेस लावला आणि पुन्हा 'हिअर'. दोन अंदाजांत दोन मीटरचा फरक पडला. शेतमालक आजोबा खुंटीकडे बघून म्हणाले, "काल बांध तिकडं होता, रातीतून इकडं कसा आला?" कंट्रोलरने जे सांगितलं नाही ते त्यांनी एका नजरेत सांगितलं.

लक्षात ठेवा, फ्लोटमुळे शेताचा आकार बिघडतो. बेसची जागा चुकली तर आकार आणि क्षेत्रफळ जवळपास तसंच राहतं, पण अख्खं शेत शेजाऱ्याच्या अंगावर सरकतं. त्यामुळे क्षेत्रफळ जुळलं म्हणून निर्धास्त होऊ नका. पहिल्या दिवशीची बेसची जागा वहीत लिहा आणि रोज तीच हाताने भरा. ॲन्टेनाची उंची तिरकी मोजली की सरळ, हेही लिहा. शेजारी दुसरी पार्टी असेल तर बेसचा आयडी आपलाच आहे ना ते पाहा.

उंची ५०-६० मीटरने कमी येत असेल तर मात्र घाबरू नका. आपल्या भागात समुद्रसपाटीचा जिऑइड इलिप्सॉइडच्या तेवढा खाली आहे. कंट्रोलरमध्ये जिऑइड मॉडेल घातलेलं नाही, इतकाच त्याचा अर्थ. तो करेक्शनचा दोष नव्हे.

शेवटी एक सवय

काम सुरू करताना, दुपारी आणि आवरताना एका ओळखीच्या पक्क्या खुणेवर रोव्हर ठेवा. फिक्स मुद्दाम तोडा, पुन्हा येऊ द्या आणि बिंदू घ्या. तिन्ही आकडे आडव्या दिशेत दोन-तीन सेंटीमीटरच्या आत आले तर दिवसाचं काम खरं. नाही आले तर आजच परत मोजा, कारण एकदा नकाशा कागदावर उतरला की तो बदलून घ्यायला त्या पाड्यावरच्या माणसाला तहसीलच्या किती फेऱ्या माराव्या लागतात, हे आपल्यापैकी जे गावाकडून आलेत त्यांना वेगळं सांगायला नको. सर्व्हे कॅम्पला निघण्यापूर्वी हे चार खण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पाच मिनिटं लागतील.