मतदार यादीत नाव आहे का? मोबाईलवर ५ मिनिटांत तपासा

आधी माझाच किस्सा सांगतो. १३ मे २०२४ ला पुण्यात लोकसभेचं मतदान होतं. मतदार कार्ड खिशात घालून मी घराजवळच्या केंद्रावर गेलो, तर यादीत नावच नाही! चूक माझी होती. नाव साताऱ्याकडच्या गावी होतं आणि तिथलं मतदान ७ मे लाच उरकलं होतं. मत वाया गेलं.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: कार्ड म्हणजे मतदानाचा हक्क नाही, यादीतलं नाव म्हणजे हक्क. नाव असेल तर आधार किंवा पॅन दाखवूनही मत देता येतं. नाव नसेल तर कार्डाचा उपयोग शून्य.

नाव कसं शोधायचं?

१. ब्राउझरमध्ये निवडणूक आयोगाचं मतदार पोर्टल उघडा.
२. यादीत नाव शोधण्याचा पर्याय निवडा. कार्डावरचा एपिक नंबर, स्वतःची माहिती किंवा मोबाईल नंबर, यापैकी काहीही चालतं.
३. कॅप्चा भरा. नाव असेल तर भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि मतदान केंद्र दिसेल. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

कोणता फॉर्म कशासाठी?

- फॉर्म ६: पहिल्यांदा नाव नोंदवायला. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर यापैकी ज्या तारखेपर्यंत १८ पूर्ण होतील ती धरली जाते. १७ पूर्ण झाले असतील तर आगाऊ अर्जही करता येतो.
- फॉर्म ७: मृत किंवा कायमचं स्थलांतर केलेल्यांचं नाव वगळायला.
- फॉर्म ८: पत्ता बदलला, नावात चूक आहे किंवा कार्ड हरवलं तर.

घर बदललं तर फॉर्म ८ च भरा. नव्याने फॉर्म ६ भरला तर दोन ठिकाणी नाव येऊ शकतं आणि ते कायद्यात बसत नाही. अर्जात खोटी माहिती देणं तर गुन्हाच आहे. फॉर्म भरल्यावर संदर्भ क्रमांक मिळतो, त्यावरून अर्ज कुठवर आला ते कळतं.

आम्ही सोसायटीत काय केलं?

मी फॉर्म ८ भरला आणि विधानसभेला, २० नोव्हेंबरला, मत दिलं. त्याआधी एका रविवारी आम्ही तिघं पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलो. २४ फ्लॅट, दोन तास. एका काकूंचं नाव माहेरच्या आडनावाने होतं, दोघांचं जुन्या पत्त्यावर, आणि एका आजोबांचं नाव ते जाऊन तीन वर्षं झाली तरी यादीतच. प्रत्येकाने स्वतःच्या फोनवरून स्वतःचा फॉर्म भरला. कोणाचा ओटीपी घेतला नाही, कार्डांचे फोटो ग्रुपवर मागवले नाहीत. तुम्हीही हा नियम पाळा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'मतदार यादी' नावाची एपीके फाईल चुकूनही इन्स्टॉल करू नका.

शेवटच्या दिवसाची वाट बघू नका

उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादीत नवं नाव जात नाही. महापालिका, जिल्हा परिषदेसाठी तर ठरावीक तारखेची विधानसभेची यादीच वापरतात. अडचण आली तर १९५० वर फोन करा किंवा आपल्या भागातल्या बीएलओंना भेटा.

लोकशाही वाचवा म्हणून स्टेटस ठेवणं सोपं आहे. आज आधी स्वतःचं नाव बघा, मग आई-बाबांचं, मग शेजारच्या आजींचं.