वर्गातली ताई शिक्षिका कधी होते?

हिंजवडी आयटी पार्कला लागून असलेल्या मारुंजीत (ता. मुळशी) गृहसंकुले उभी राहिली, तसे प्लेग्रुप आणि इंग्रजी शाळाही आल्या. वर्गशिक्षिकेच्या हाताखाली एक ताई लागतेच. बारावी झालेल्या आणि घराजवळ काम शोधणाऱ्या मुलींना ही नोकरी सोयीची वाटते. पुढच्या वाटेबद्दल मात्र ऐकीव माहितीच फार.

गैरसमज : शिक्षक मिळत नाहीत, दोन-चार वर्षे वर्गात काढली की शाळा शिक्षिका करेलच.
वस्तुस्थिती : तुटवडा असला म्हणून पात्रतेची अट सुटत नाही. पहिली ते पाचवीला शिकवायचे तर बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) पहिला पेपर हवा. त्यात खुल्या प्रवर्गाला १५० पैकी ९० गुण लागतात. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेसाठी याशिवाय अभियोग्यता चाचणी द्यावी लागते आणि भरती पवित्र पोर्टलवरून होते. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून. प्राथमिकला मानधन महिना १६,००० रुपये. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. ताई त्या हिशेबात येत नाही.

गैरसमज : बी.एड. केले की कोणताही वर्ग घेता येतो.
वस्तुस्थिती : ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता अमान्य ठरवली. बी.एड.ची वाट सहावीपासून पुढे जाते. लहान मुलांतच रमणाऱ्या मुलीने पदवी आणि बी.एड.वर वर्षे घालवण्याआधी हे ध्यानात घ्यावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी ही किमान पात्रता व्हायची आहे, त्यामुळे आज अठराव्या वर्षात असलेल्यांनी तोही पर्याय तपासावा.

गैरसमज : अंगणवाडीत फक्त खिचडी वाटायची, तिथली मदतनीस कायम मदतनीसच राहते.
वस्तुस्थिती : ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत व पुढे कोसबाडला अंगणवाडी घडवली ती शिक्षणासाठीच. आज मदतनीस होण्यासाठी स्थानिक रहिवासी आणि बारावी उत्तीर्ण असावे लागते, आणि सेविकेची जागा रिकामी झाली की पात्र मदतनीसाला तिथे जाण्याची तरतूद आहे. सेविकांनी बालशिक्षणाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा, असे नवे शैक्षणिक धोरण सांगते. हाताखालच्या कामातून वर चढण्याची नियमात लिहिलेली पायरी इथेच सापडते.

गैरसमज : शॅडो टीचर व्हायला माया आणि संयम पुरे.
वस्तुस्थिती : स्वमग्न किंवा अध्ययन अक्षम मुलाशेजारी बसून सोबत करणे वेगळे आणि त्याला शिकवण्याची पद्धत आखणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी विशेष शिक्षणाची मान्य पदविका किंवा पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे दंडनीय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे सांगितल्याने या वाटेवर गरज मोठी आहे.

गैरसमज : मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून शाळेत शिरले की नोकरी पक्की.
वस्तुस्थिती : २०२४ मध्ये सुरू झालेली ही योजना प्रशिक्षणाची आहे. बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. मुदत आधी सहा महिने होती, पुढे ती अकरा झाली. मुदत संपल्यावर कायम नेमणुकीचा हक्क मिळत नाही.

वर्गातला अनुभव उपयोगी पडतो, पण पात्रतेची जागा तो घेत नाही. म्हणून आधी कोणत्या वयाच्या मुलांना शिकवायचे ते ठरवावे. मग फी भरण्यापूर्वी संस्थेला दोन प्रश्न विचारावेत : या अभ्यासक्रमाला कोणत्या परिषदेची मान्यता आहे, आणि त्यावर नेमके कोणते पद मिळते? दोन्ही उत्तरे लेखी मिळाली नाहीत, तर पैसे भरू नयेत.