पडद्याआडचे औषध

बाहेर ध्वनीचा कोणताही उगम नसताना कानात शिट्टी, घोंघावणे किंवा किरकिर सतत ऐकू येणे यास कर्णनाद म्हणतात. तो स्वतंत्र रोग नसून बहुधा श्रवणसंस्थेतील बिघाडाचे लक्षण असतो. त्यावर थेट कानात औषध टोचण्याच्या कल्पनेचे आकर्षण समजण्यासारखे आहे, कारण तोंडावाटे घेतलेले औषध साऱ्या शरीरात पसरते आणि रक्त व अंतर्कर्ण यांच्यामधील नैसर्गिक अडसरामुळे त्याचा अल्पसा अंशच इष्ट स्थळी पोहोचतो.

प्रत्यक्षात सुई अंतर्कर्णात जात नाही. कानाचा पडदा बधिर करून त्यातून औषध मध्यकर्णाच्या पोकळीत सोडले जाते. त्यानंतर रुग्णाला मान वळवून सुमारे अर्धा तास पडून राहावे लागते आणि आवंढा गिळू नये असे बजावले जाते, कारण गिळताना मध्यकर्णाला घशाशी जोडणारी युस्टेशियन नलिका उघडते आणि औषध तिच्यावाटे निसटते. जे उरते ते ‘गोल खिडकी’ नावाच्या पातळ पटलातून झिरपत कर्णावर्तात, म्हणजे गोगलगायीच्या शंखासारख्या पिळदार श्रवणेंद्रियात शिरते. तेथील द्रव जवळजवळ स्थिर असल्याने खिडकीलगतच्या, उंच पट्टीचे स्वर टिपणाऱ्या भागात औषध दाट राहते, आणि खालच्या स्वरांच्या टोकापर्यंत त्याचा फारच थोडा अंश जातो.

या मार्गाने दिलेल्या स्टेरॉइडला, म्हणजे दाह शमवणाऱ्या औषधाला, एका विकारात भक्कम स्थान आहे. कानाच्या चेतेशी संबंधित बहिरेपण अचानक आले असता मिथाइलप्रेडनिसोलोनची इंजेक्शने तोंडावाटे घेतलेल्या प्रेडनिसोनपेक्षा कमी ठरत नाहीत, असे 250 रुग्णांवरील चाचणीत 2011 साली दिसले. अशा बहिरेपणासोबत सुरू झालेला नाद ऐकणे सुधारल्यावर ओसरू शकतो. परंतु येथे उपचार बहिरेपणावर होत असतो, हे ध्यानात न घेता तोच उपाय जुन्या कर्णनादाला लावला जातो, तेव्हा पुराव्याची साथ सुटते. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने 2014 च्या मार्गदर्शिकेत दीर्घकाळ त्रास देणाऱ्या कर्णनादासाठी अशी इंजेक्शने नित्य उपचार म्हणून सुचवू नयेत, असे स्पष्ट सांगितले.

खास नादासाठी घडवलेल्या औषधांची कथा अधिक बोधक आहे. कर्णावर्तातील रोमपेशींकडून चेतातंतूंकडे संदेश नेणारे ग्लुटामेट हे रसायन आघातानंतर एनएमडीए नावाच्या ग्राहींना, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंना, अतिरिक्त उद्दीपित करते आणि त्यातून नाद उपजतो, असे गृहीतक प्राण्यांवरील प्रयोगांतून पुढे आले होते. त्यावर विसंबून ऑरिस मेडिकल या स्विस कंपनीने हे ग्राही अडवणाऱ्या एस्केटामाइनचे इंजेक्शन ध्वनिआघात वा मध्यकर्णाच्या दाहानंतरच्या नादासाठी तपासले. अंतिम टप्प्याच्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष 2016 आणि 2018 साली आले आणि दोन्हींत ते अपेक्षित लाभ सिद्ध करू शकले नाही. पुढे अमेरिकेतील ओटोनॉमी कंपनीच्या, त्याच पद्धतीने काम करणाऱ्या गॅसिक्लिडाइनला थोड्या रुग्णांत आशादायक यश मिळाले, पण 2022 मधील मोठ्या चाचणीत औषध आणि निष्क्रिय इंजेक्शन यांच्यात अर्थपूर्ण फरक उरला नाही. नादाची तीव्रता बहुतांशी रुग्णाच्याच सांगण्यावरून ठरते आणि नवा नाद अनेकदा आपोआप मंदावतो. म्हणून तुलनेसाठी निष्क्रिय इंजेक्शनचा गट नसलेल्या अभ्यासातील यशावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

मात्र नाद कानातच उपजतो या गृहीतकातच दोष असण्याची शक्यता अधिक मोठी आहे. श्रवणचेता शस्त्रक्रियेत कापली गेल्यावरही पुष्कळ रुग्णांचा नाद चालूच राहतो. 1935 साली नोबेल विजेते रॉबर्ट बाराणी यांनी स्थानिक भूल देणाऱ्या औषधाने नाद तात्पुरता थांबल्याचे नोंदवले. त्याच वर्गातील लिडोकेन शिरेवाटे दिले असता चेता कापलेल्या रुग्णांतही नाद काही काळ दबतो, असे ब्रिटिश संशोधकांना 2005 साली आढळले. म्हणजे लिडोकेनची क्रिया कानात नव्हे, त्यापलीकडे मेंदूत घडत असावी. कानाकडून येणारे संकेत घटल्यावर मेंदू आपली संवेदनक्षमता वाढवतो आणि नादाचे बस्तान हळूहळू तेथेच बसते, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. तसे असेल, तर मुरलेल्या नादासाठी कर्णावर्तात औषध पोहोचवण्याची सारी कुशलता चुकीच्या मुक्कामी खर्च होते.

इंजेक्शनचे धोके एरवी मर्यादित असतात: वेदना, थोडा वेळ चक्कर, संसर्ग आणि क्वचित पडद्याला न भरणारे छिद्र. अंतर्कर्णाच्या मेनिएर विकारात भोवळ थांबवण्यासाठी दिले जाणारे जेंटामायसिन मात्र वेगळ्या कोटीतील आहे, कारण तेच श्रवण घटवू शकते. ऐकू येणे काही तासांत वा दिवसांत अचानक कमी झाले असेल, तर कानाच्या तज्ज्ञाकडे तातडीने जाणे आवश्यक असते, कारण स्टेरॉइडचा सुरुवातीचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत करायचा असतो, आणि ऐकणे पुरेसे परतले नाही तर बचावाचे इंजेक्शन दोन ते सहा आठवड्यांच्या काळात दिले जाते. वर्षानुवर्षे ऐकू येणाऱ्या नादाला ही घाई लागू नाही. तेथे सोबत बहिरेपण असल्यास श्रवणयंत्र, आणि आवाज न मिटवता त्याचा जाच कमी करणारी बोधात्मक वर्तनोपचार पद्धती, यांच्यामागेच सध्या अधिक सबळ पुरावा आहे.