खेळ आणि खेळगडी

एकट्यादुकट्या माणसाने घरच्या संगणकावर रचलेला खेळ पुरा होणे हे कष्टाचे काम असले, तरी त्या कष्टांना निदान एक हद्द असते. प्रोग्रॅम लिहून संपतो, चित्रे रेखून होतात आणि एके दिवशी तो खेळ चालू लागतो. त्यानंतर जे काम उभे राहते, म्हणजे ज्याने आपले नावही ऐकलेले नाही अशा परक्या माणसाने तो खेळ उघडावा, घटकाभर त्यात गुंतावे आणि मग आपण होऊन खिशात हात घालावा, त्या कामाला अशी हद्द नाही आणि त्याचे शास्त्रही कोणी बांधून ठेवलेले नाही. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ज्या थोड्या लोकांना हे साधले त्यांचे वृत्तान्त पाहिले असता मला एक गोष्ट वारंवार दिसते. खेळाची थोरवी सांगणाऱ्या मजकुरापेक्षा खुद्द खेळाचा एखादा तुकडा परक्याच्या हाती पडणे, ह्यानेच बहुतेकांना खेळगडी मिळवून दिले; आणि तो तुकडा केवढा असावा व कोठे तोडावा, ह्या ठिकाणी त्यांच्या कसबाची खरी परीक्षा झाली.

ह्या व्यवसायाच्या आरंभकाळातला एक ठळक दाखला टेक्सासचा आहे. रिचर्ड गॅरियट नावाचा, विशीही न गाठलेला मुलगा १९७९च्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरलँड ह्या संगणकाच्या दुकानात नोकरीस होता, आणि त्याने ॲपल-टू यंत्रावर ‘अकलाबेथ’ हा भुयारांचा व राक्षसांचा खेळ रचला होता. दुकानदाराने उत्तेजन दिल्यावर त्याने पदरचे पैसे घालून फ्लॉपी, सूचनापत्रक आणि आईने चितारलेले मुखपृष्ठ असा ऐवज दाबून बंद होणाऱ्या साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरला आणि त्या पिशव्या दुकानात विक्रीस मांडल्या. खप अगदीच किरकोळ झाला. परंतु त्यांतली एक प्रत फिरत फिरत कॅलिफोर्निया पॅसिफिक ह्या प्रकाशनसंस्थेकडे पोचली, संस्थेने १९८० साली तो खेळ रीतसर प्रसिद्ध केला, आणि गॅरियटच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे सुमारे ३०,००० प्रती जाऊन प्रतीमागे ५ डॉलर त्याच्या पदरी पडले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात केन व रोबर्टा विल्यम्स ह्या दांपत्याने ‘मिस्टरी हाउस’ अशाच पिशव्यांतून विकावयास काढला आणि त्यातून पुढे सिएरा ही मोठी कंपनी उभी राहिली. तेव्हा बाजारात खेळच थोडे होते, म्हणून पिशवीवरही भागले.

खेळाचा तुकडा केवढा द्यावा व कोठे तोडावा ह्या प्रश्नावर पहिल्याने पद्धतशीर विचार केला तो टेक्सासच्याच स्कॉट मिलर ह्याने. त्या काळी अमेरिकेत ‘शेअरवेअर’ नावाची एक वहिवाट रूढ होती: प्रोग्रॅम पुरताच्या पुरता फुकट वाटावा, वापरणाऱ्याने हवी तितक्या प्रती काढून मित्रांना द्याव्यात, टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या बुलेटिन बोर्डांवर ठेवाव्यात, आणि पसंत पडल्यास कर्त्याला सचोटीने पैसे पाठवावेत. हिशेबाच्या किंवा लेखनाच्या प्रोग्रॅमला, तो रोज लागत असल्यामुळे, कोणी ना कोणी पैसे पाठवी. खेळाचे तसे नव्हते, कारण संपलेल्या खेळाबद्दल कृतज्ञता फार काळ टिकत नाही. मिलरने आपले आरंभीचे खेळ ह्याच रिवाजाने सबंध देऊन पाहिले आणि हाती फारसे काही आले नाही. मग १९८७ साली, आपल्या अपॉजी ह्या संस्थेच्या नावाने ‘किंग्डम ऑफ क्रॉझ’ काढताना त्याने खेळाचे भाग पाडले. पहिला भाग बेलाशक वाटण्यास मोकळा ठेवला आणि पुढचे भाग हवे असणाऱ्याने पैसे भरून टपालाने मागवावेत अशी तजवीज केली. दानत तीच, वाटपाची वाटही तीच. फरक एवढाच की मागणीची वेळ आता खेळणाऱ्याचे कुतूहल निवल्यावर येत नसून ते अगदी चेतले असताना येत होती. मिलर ह्या धंद्याच्या इतिहासात अधिक ओळखीचा असावयास हवा होता असे मला नेहमी वाटते.

त्याच्या चातुर्याचा दुसरा किस्सा अधिक रंजक आहे. लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथे सॉफ्टडिस्क नावाच्या कंपनीत जॉन रोमेरो हा तरुण खेळ रचण्याच्या नोकरीवर होता आणि मिलरला त्याच्याशी संधान बांधावयाचे होते. उघड पत्र पाठवावे तर कंपनीचे लोक टपाल फोडून पाहतील ही धास्ती, म्हणून मिलरने निरनिराळ्या नावांनी चाहत्यांची पत्रे धाडली. रोमेरोने ती कौतुकाने भिंतीवर लावली, आणि पुढे एके दिवशी त्याच्या ध्यानात आले की ह्या सर्व चाहत्यांचा पत्ता एकच आहे! तो प्रथम खवळला म्हणतात. पण त्या पत्रव्यवहारातूनच ‘कमांडर कीन’ हा तीन भागांचा खेळ जन्मला. त्याचा पहिला भाग डिसेंबर १९९०मध्ये फुकट सोडण्यात आला, आणि कर्त्यांच्या हाती पहिल्या हिश्श्याचा जो धनादेश पडला तो १०,५०० डॉलरचा होता. नोकरी सोडण्यास तेवढा आधार पुरे झाला.

त्याच मंडळींच्या इड सॉफ्टवेअर ह्या संस्थेचा ‘डूम’ १० डिसेंबर १९९३ रोजी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर ठेवावयाचा ठरला, तेव्हा वाट पाहणाऱ्यांची तेथे इतकी झुंबड उडाली होती की खेळ चढवणाऱ्या खुद्द मालकांनाच आत शिरकाव मिळेना. ह्याच खेळाच्या बाबतीत इडने दुकानदारांनाही मोकळीक दिली: फुकटचा पहिला भाग फ्लॉपीवर घालून वाटेल त्या किमतीस विकावा, नफा सगळा आपल्याकडे ठेवावा, आम्हांस छदामही नको. वरकरणी हा वेडाचार. पण त्यामुळे दुकानांच्या फळ्यांवर ह्या खेळाच्या फ्लॉप्या जागा अडवून बसल्या, आणि तेही जाहिरातीला पैसा न लागता. शिवाय तो तुकडा तोडला होता फार विचाराने. पहिल्या भागात नऊ पातळ्या होत्या, म्हणजे फसवल्याची भावना होऊ नये इतका ऐवज खचित होता. आणि शेवटच्या झुंजीनंतर सुटका होईल अशा आशेने पुढे गेलेला नायक थेट नरकाच्या काठाशी येऊन पोचतो, त्या जागी फुकटचा खेळ थांबे. कीर्तनकार आख्यान कोठे थांबवून झोळी फिरवतो हे ज्याने पाहिले असेल त्याला ह्यातली खुबी निराळी सांगावयास नको.

पुढची दहा-पंधरा वर्षे मोठ्या प्रकाशकांची आणि चकचकीत खोक्यांची. एकांड्या कर्त्याला त्यांत सांगण्यासारखे थोडेच आहे.

२००३ साली व्हॉल्व ह्या कंपनीने ‘स्टीम’ नावाची पेठ संगणकावर उघडली आणि कालांतराने खोके, टपाल, दुकान हे सारेच मागे पडले. आरंभी ह्या पेठेत कोणास जागा द्यावी हे मालकच ठरवीत. २०१२पासून ग्राहकांचा कौल घेण्याची रीत आली. आणि २०१७पासून दर खेळामागे १०० डॉलर अनामत भरील त्याला दार मोकळे झाले. खेळाची विक्री १,००० डॉलरवर गेली की ती अनामत परत मिळते, आणि विक्रीवर साधारणतः शेकडा ३० इतकी दस्तुरी पेठेचा मालक कापून घेतो. दार उघडल्याचा परिणाम असा की २०२४ ह्या एका वर्षात तेथे १८,००० हून अधिक नवे खेळ दाखल झाले. पूर्वी दरवान आडवा येई, आता गर्दी आडवी येते.

ह्या गर्दीत नवख्या कर्त्याच्या उपयोगी पडणारी जी व्यवस्था आहे ती विशलिस्टची. खेळ विक्रीस येण्याच्या कित्येक महिने आधी त्याचे पान पेठेत मांडता येते, आवडले तर ग्राहक ते आपल्या विशलिस्टमध्ये टिपून ठेवतो, आणि खेळ बाहेर पडला किंवा त्यावर शेकडा २० अथवा अधिक सवलत जाहीर झाली की पेठच त्या ग्राहकास ईमेल धाडते. म्हणून जाणते लोक पान शक्य तितक्या लवकर मांडतात. ह्याला जोडून वर्षातून तीनदा ‘नेक्स्ट फेस्ट’ नावाची जत्रा भरते, तीत येऊ घातलेल्या खेळांचे डेमो फुकट खेळावयास मिळतात. एका खेळास तीत एकदाच प्रवेश असल्यामुळे अर्धकच्चा डेमो घेऊन जाणारा आपली एकुलती एक सनद वाया घालवतो. मिलरचा प्रश्न येथे जसाच्या तसा पुन्हा उभा राहतो, आणि आजचे कित्येक डेमो मला ह्याच कसोटीवर फसलेले दिसतात: शिकवणीचा कंटाळवाणा भाग तेवढा ते फुकट देतात, आणि खेळाला रंग चढतो ती जागा दाराआड ठेवतात.

दुसरा मार्ग यूट्यूबवर व थेट प्रक्षेपणांत खेळ खेळून दाखवणाऱ्या मंडळींचा. त्यांना विक्रीची ‘की’, म्हणजे खेळ मोफत उघडण्याचा सांकेतिक क्रमांक, नजराणा म्हणून धाडण्याची प्रथा आहे. मात्र नामांकित खेळाडूच्या नावाशी मिळतेजुळते पत्ते घेऊन कीच्या याचना करणारे आणि मिळालेल्या की परभारे विकणारे भामटे इतके माजले आहेत की अर्जदाराने आपल्या जाहीर चॅनलवरील पत्त्यावरूनच पत्र पाठवले आहे ना, ही शहानिशा केल्याशिवाय की सोडू नये. योग्य माणसाच्या हाती ती पडली तर काय घडते ते लंडनस्थित इटालियन लुका गालांते ह्याच्या ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ने दाखवले. २०२१ साली त्याने तो आधी फुकट खुला केला, डिसेंबरात स्टीमवर ३ डॉलरच्या आत मांडला, नव्या वर्षाच्या आरंभी व्हिडिओ करणाऱ्यांनी तो उचलला, आणि २०२३मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेचा सर्वोत्कृष्ट खेळाचा पुरस्कार त्याला मिळाला.

तथापि दैवाचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. ‘अमंग अस’ हा इनरस्लॉथ ह्या चिमुकल्या अमेरिकन संस्थेचा खेळ २०१८ साली निघाला आणि दोन वर्षे जवळजवळ निपचित पडून होता. मोबाइलवर तर तो फुकटच होता, म्हणजे तुकडा सोडाच, सबंध खेळ परक्यांच्या हाती होता. २०२०च्या टाळेबंदीत थेट प्रक्षेपण करणाऱ्यांनी तो मित्रमंडळींसह खेळावयास घेतला आणि पाहता पाहता जगभर त्याचे पेव फुटले. कर्त्यांनी केलेले एकच काम मी त्यांच्या खात्यावर जमा धरीन: त्या दोन वर्षांत त्यांनी खेळ बंद केला नाही, त्यात सुधारणा करीत राहिले.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स ह्या संस्थेचा ‘राजी’ मात्र ह्या सर्वांहून निराळ्या वाटेने गेला. राक्षसांनी पळवलेल्या गोलू ह्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा. २०१७ साली तिच्यासाठी किकस्टार्टरवर मागितलेली लोकवर्गणी अपुरी पडली, तरी कर्त्यांनी काम सोडले नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डोच्या स्वतंत्र खेळांच्या प्रसारणात तो झळकला व त्याच दिवशी स्विच ह्या यंत्रावर विक्रीस आला. वर्षअखेरीस ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याचे नामांकनही झाले. एवढे मोठे व्यासपीठ मिळाल्यावर तुकडा वाटण्याची गरज अर्थातच कमी होते. पण स्विच हे यंत्र तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलेच जात नसे. त्यामुळे पुण्यात घडलेला हा खेळ विलायतेतल्या घरांत आधी खेळला गेला, आणि ज्यांच्यापाशी नुसता संगणक होता अशा पुणेकरांना तो १५ ऑक्टोबरपर्यंत मिळाला नाही.