बीज एकीचे, बाळ दुसरीचे

तुम्ही म्हणाल, दिवाळीच्या अंकात हा कसला विषय काढला! चकल्या हलक्या कशा होतील ते लिहायचे सोडून ही बाई डॉक्टरी काय सांगत बसली! पण काय करू? पस्तीस वर्षे इस्पितळात परिचारिकेची नोकरी केली, आणि आता निवृत्त होऊन शीव कोळीवाड्यात घरी बसले, तरी लोकांची दुखणीखुपणी माझा पत्ता शोधत येतात. ही गोष्ट तर माझ्या स्वयंपाकघरातच सुरू झाली.

आमच्याकडे पोळ्या करायला एक मुलगी येते. मुलगी म्हणायची आपली सवय. वय सत्तावीस, पदरी दोन लेकरे. नवरा रंगकामाला जातो, म्हणजे काम मिळाले तर जातो. श्रावणातला दिवस होता. तव्यावर पोळी टाकता टाकता ती पाठमोरीच म्हणाली,

"काकू, अंडी दिली की पुढं पोर होत नाही म्हणतात, ते खरं का हो?"

श्रावणात आमच्या मजल्यावर अंड्यांची चर्चा जरा जास्तच असते. मला वाटले, त्यातलीच काही शंका असेल. म्हटले, "कसली अंडी गं?"

"आपली. बायकांची."

मी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

हळूहळू सगळे बाहेर आले. स्टेशनाजवळ एक बाई भेटते. (या स्टेशनाचे नाव आता गुरु तेगबहादूर नगर आहे, पण आम्ही जुनी माणसे कोळीवाडाच म्हणतो.) ती बाई सांगते, थोडी इंजेक्शने घ्यायची, एक दिवस दवाखान्यात जायचे, आणि वीस हजार रोख. थोरलीच्या शाळेची फी तुंबली होती. मी विचारले, "तुला भीती नाही वाटत?"

"पहिल्यांदा वाटली होती," ती म्हणाली.

पहिल्यांदा! तीन वर्षांपूर्वी ही मुलगी पंधरा दिवस कामावर आली नव्हती. कावीळ झाली, असा निरोप होता. आली तेव्हा चेहरा उतरलेला, चालणे सावकाश. पस्तीस वर्षे रोग्यांच्या पापण्या ओढून डोळे तपासणारी मी. तिचे डोळे मी पाहिले नाहीत. महिना संपल्यावर पंधरा दिवसांचे पैसे मात्र न चुकता कापले. ती काही बोलली नाही. आता कळले, कावीळ वगैरे काही नव्हते. बीजे काढल्यावर तिचे पोट नवव्या महिन्यासारखे फुगले होते आणि आठ दिवस ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपत होती, कारण आडवे झाले की दम लागे.

"किती बीजं काढली होती?"

"वीस-बावीस म्हणाले. शाबासकी दिली मला."

"कागदावर सही केलीस?"

"केली की. इंग्रजीत होतं."

तो दवाखाना कुठला ते मी इथे लिहीत नाही. पण त्या दिवसापासून ठरवले की या विषयाची जेवढी माहिती आहे तेवढी सरळ मराठीत लिहायची. आपल्या घरांत येणाऱ्या बायका, त्यांच्या मोठ्या झालेल्या मुली, क्वचित आपल्याही मुली, यांच्यापर्यंत ही हाक पोहोचते आहे, आणि आपण मात्र तो विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढवतो.

मुळात हे शास्त्र वाईट नव्हे, हे आधी सांगते. ते आपल्या परळातच वाढले. 6 ऑगस्ट 1986 रोजी के. ई. एम. इस्पितळात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हाताखाली शरीराबाहेर फलन झालेल्या बीजाची मुलगी जन्मली, तेव्हा आम्ही परिचारिका आपापल्या वॉर्डात वर्तमानपत्र पाळीपाळीने वाचत होतो. त्या कामात डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या परळच्याच संशोधनसंस्थेचा वाटा होता. याच डॉक्टरीणबाईंनी पुढे, ज्यांची स्वतःची बीजे संपली आहेत अशा स्त्रियांना दुसरीचे बीज देऊन मूल होऊ शकते हे दाखवले. तसे बाळ जानेवारी 1991 मध्ये जन्मले.

आणि मला स्वतःला यात बोलायचा हक्क आहे, कारण माझ्या सख्ख्या भाचीची पाळी एकतिसाव्या वर्षी कायमची थांबली. घरातल्या बायकांनी तिला काय काय ऐकवले ते लिहिले तर हा अंक पुरणार नाही. आज तिच्या मांडीवर दुसरीच्या बीजाचा, पण तिच्याच पोटात नऊ महिने वाढलेला मुलगा आहे. त्याच्या बारशाचे पेढे मी पोटभर खाल्ले. ते बीज कुणी दिले, तिला किती त्रास झाला, हा प्रश्न मात्र त्या दिवशी माझ्या मनाला शिवला नाही. बारशात कुणाच्याच मनाला शिवत नाही.

आता तिच्या प्रश्नाकडे वळते: बीजे दिली तर पुढे मूल होत नाही का? आमच्या कोळणीच्या पाटीत पावसाळ्याच्या तोंडी गाबोळी येते, ती तुम्ही पाहिली असेल. एका माशाच्या पोटात अंडी केवढी! बाईचेही थोडेफार तसेच आहे. मुलगी जन्मते तीच दहा ते वीस लाख बीजे घेऊन. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि उभ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. दर महिन्याला बीजांची एक तुकडी वाढू लागते. त्यातले बहुधा एकच पिकते, बाकीची विरून जातात. इंजेक्शने या विरून जाणाऱ्यांनाही पिकवतात. म्हणून बीज दिल्याने कोठार रिकामे होत नाही. पण क्वचित सुई टोचल्याजागी रक्तस्राव होतो, जंतू शिरतात, किंवा फुगलेला बीजांडकोश स्वतःभोवती पिळतो. मग मात्र पुढच्या मुलांवरही बेतू शकते.

काम असे चालते. आधी रक्त तपासतात: एड्सचे विषाणू, दोन्ही प्रकारची कावीळ, गरमी. सोनोग्राफी होते. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन. "थोडी इंजेक्शने" म्हणणाऱ्या त्या बाईला मोजता येत नाही असे नाही. मधूनमधून सोनोग्राफीत बीजे किती वाढली ते पाहतात, आणि पिकली की शेवटचे एक इंजेक्शन देतात. ते घड्याळ लावून द्यायचे असते, कारण त्यानंतर चौतीस ते छत्तीस तासांत बीजे काढायची असतात. भूल देऊन योनिमार्गातून बारीक सुईने ती शोषून घेतात. अर्ध्या तासाचे काम. पोटावर टाका नाही. संध्याकाळी बाई घरी जाते आणि शेजारणीला काही कळत नाही. एजंटाला हेच तर सोयीचे असते.

खरा धोका त्यानंतरचा. औषधांनी बीजांडकोश फार चेतवला गेला तर अंगातले पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपून पोटात साचते. पोट फुगणे, मळमळ, लघवी कमी होणे, दोन दिवसांत वजन झरझर वाढणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे. यातले काही दिसले की लिंबूपाणी देत घरी बसायचे नाही, इस्पितळ गाठायचे. रक्त दाट होऊन गुठळ्या होतात, जीवही जातो. 2010 च्या ऑगस्टमध्ये याच मुंबईत भंगाराच्या धंद्यात काम करणारी सतरा वर्षांची मुलगी बीजे दिल्यावर दोनच दिवसांत मरण पावली. ती सज्ञानही नव्हती. तिने आधीही बीजे दिली होती. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले.

असल्या गोष्टींमुळेच पुढे कायदा झाला. सहाय्यित प्रजननाचा हा कायदा 2021 चा, आणि 25 जानेवारी 2022 पासून तो लागू आहे. त्यातले बाईच्या उपयोगाचे तेवढे सांगते. बीज देणारी तेवीस ते पस्तीस वर्षांचीच हवी. उभ्या आयुष्यात एकदाच देता येते. आणि एका वेळी सातांहून अधिक बीजे काढायची नाहीत. सात! शाबासकी मिळाली होती ती बावीसची. सातची मर्यादा फार कमी आहे, मूल होण्याची शक्यता घटते, अशी काही डॉक्टरांची तक्रार आहे, आणि भाचीकडे पाहिले की ती मला अगदीच खोटी वाटत नाही. पण ज्या घरातून बीज येते तिथे बसून पाहिले तर सात पुरे वाटतात.

बीज देणारी बाई शोधण्याचे, तपासण्याचे काम फक्त नोंदणी झालेल्या बीजपेढीचे. स्टेशनावरच्या बाईचे नव्हे. पेढीने नाव, पत्ता, आधार क्रमांक नोंदवायचा. एकीची बीजे एकाच जोडप्याला. ज्यांना मूल हवे त्यांनी तिचा बारा महिन्यांचा विमा उतरवायचा, त्यात बीजे काढताना होणारी गुंतागुंत, मृत्यूसुद्धा, धरलेला असतो. संमती लेखी, आणि समजावून घेतलेली. बीजांची खरेदी-विक्री हा गुन्हा: पहिल्या वेळी पाच ते दहा लाख दंड, पुन्हा केला तर तीन ते आठ वर्षे कैद आणि दहा ते वीस लाख दंड.

हे सारे मी तिला सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "एकदाच देता येतं ते त्या बाईला ठाऊक आहे. म्हणून ती दुसरं आधारकार्ड करून देणार आहे."

कायदा करणाऱ्यांनी सात मोजले, पण शाळेची फी कुणी मोजली नाही.

तिने आणखी एक विचारले, आणि ते विचारताना मात्र ती माझ्याकडे वळली. "त्या बावीसमधलं एखादं पोर झालं असेल ना हो? रस्त्यात दिसलं तर माझ्या थोरलीसारखं दिसेल?" कायद्याच्या भाषेत उत्तर सोपे आहे. बीज देणारीने मुलावरचे सारे हक्क सोडलेले असतात. मूल त्याच आईबापांचे. 2024 च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असाच एक निकाल दिला. जुळ्या मुलींसाठी बीज बाईच्या धाकट्या बहिणीने दिले होते. पुढे नवराबायकोचे फाटले, आणि नवरा म्हणू लागला की खरी आई म्हणजे मेहुणी. न्यायमूर्तींनी ते मानले नाही. बीज दिल्याने आईचा हक्क येत नाही, असे सांगून त्यांनी मोठ्या बहिणीला मुलींना भेटण्याची परवानगी दिली. मला तो निकाल पटतो. तरीही, "दिसेल का?" या प्रश्नाला मी "दिसेलही," असेच म्हणाले. खोटे बोलवेना.

मग मी कपाटातून तीन वर्षांपूर्वी कापलेले पैसे काढले. तिने मोजले, दोनदा मोजले, आणि ब्लाउजात ठेवले. आभार मानले नाहीत. मानायचे कारणही नव्हते. फी त्याने भागणार नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शाळेत गेलो. हप्ते करून मिळाले, तेही सहज नव्हे. मी माझा पांढऱ्या केसांचा आणि इस्पितळी आवाजाचा पुरेपूर उपयोग केला. पोट तपासून घ्यायला ती अजून आलेली नाही. उद्या जाऊ, म्हणते.

परवा ती कणीक मळत होती आणि ओट्यावर तिचा फोन वाजू लागला. पडद्यावर नुसतेच "बाई" असे नाव. तिने पाहिले, हात पिठाचे आहेत म्हणाली, आणि मळत राहिली. फोन थांबला. पहिली पोळी फुगायच्या आत पुन्हा वाजू लागला.