दोन इंचांची किंमत तीन अंश

मराठी विभागासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट! 'अडुसष्ट' म्हणजे सिक्स्टी-एट हे कळायला मला अजून दोन सेकंद लागतात. पण जिप्सीची ही गोष्ट घरात मराठीतच घडली, मराठीतच भांडणं झाली, तेव्हा मराठीतच लिहिते. चुका सांभाळून घ्या. आकडे मात्र चुकलेले नाहीत, ते मी टेपने मोजलेत.

आमच्या काकांकडे 2001 ची मारुती जिप्सी किंग आहे. दिंडोरी तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे आणि डांबरी रस्ता सोडल्यावर बागेपर्यंत दीड किलोमीटर काळ्या मातीची वाट. नाशिकच्या लोकांना काळी माती पावसात काय करते ते सांगायला नको. जुलैमध्ये त्या वाटेवर ट्रॅक्टर जातो, बैलगाडी जाते आणि जिप्सी जाते. बाकी सगळे चालत.

माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, याला जिप्सी 'लिफ्ट' करायची होती. लिफ्ट म्हणजे सस्पेन्शनमध्ये बदल करून गाडी उंच करणे. त्याने एका गॅरेजमध्ये चारही शॅकल काढून 50 मिमी जास्त लांबीचे शॅकल लावून घेतले. अर्ध्या दिवसाचं काम, खर्च कमी, दादा खूश. मग ऑगस्टमध्ये त्र्यंबकेश्वरहून परत येताना पाऊस सुरू झाला. गाडीत काका, काकू, आजी आणि मी. वेग फार तर 60. अंजनेरी मागे पडलं आणि एका लहानशा खड्ड्यानंतर गाडी हळूच उजवीकडे सरकायला लागली. काकांनी स्टिअरिंग आणलं तर ती डावीकडे निघाली, पुन्हा आणलं तर पुन्हा उजवीकडे. समोरून एसटी येत होती. एसटीवाल्याने बाजू दिली आणि आम्ही वाचलो. आजीला नंतर कळलंही नाही, पण काकूंना कळलं. घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "ही गाडी विका."

गाडी विकली तर पावसाळ्यात बागेत जायचं कसं? काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग शोध काय झालं ते." हा लेख म्हणजे त्या शोधाचा रिपोर्ट. वायवात कोणी विचारणार नाही, पण उपयोगी आहे.

गाडीची थोडी ओळख

जिप्सी म्हणजे सुझुकीच्या एसजे 410 ची लांब व्हीलबेसची भारतीय बहीण. ती 1985 मध्ये आली तेव्हा इंजिन 970 सीसीचं होतं. 1996 मध्ये 1.3 लिटरची 'किंग' आली. आपल्या लष्कराने आणि पोलिसांनी ती इतकी वापरली की अनेकांना ती सरकारी गाडीच वाटते. 2019 च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. व्हीलबेस 2375 मिमी, पुढच्या दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅक, 1300 मिमी आणि कंपनीच्या माहितीप्रमाणे ग्राउंड क्लिअरन्स 210 मिमी.

तिची रचना साधी आहे. शिडीसारखी चासी, पुढे एक आणि मागे एक अखंड अॅक्सल, आणि प्रत्येक चाकाजवळ पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. पाट्याचं एक टोक चासीला पिनने पक्कं असतं. दुसरं टोक शॅकल नावाच्या दोन पट्ट्यांच्या झोक्याला लटकतं, कारण पाटा दबला की लांब होतो आणि त्याला सरकायला जागा लागते. जिप्सीत पाटे अॅक्सलच्या खालून जातात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लिफ्टने काय मिळतं, काय मिळत नाही

सर्वांत मोठा गैरसमज हा, की लिफ्ट केली की गाडीचा सगळ्यात खालचा भाग वर जातो. अखंड अॅक्सलच्या गाडीत सगळ्यात खाली असतो डिफरन्शियलचा गोळा. तो अॅक्सलवरच आहे आणि अॅक्सल चाकांवर. पाटे कितीही बदला, गोळा जिथे होता तिथेच! तो वर न्यायचा असेल तर मोठे टायर हाच उपाय. 205/70 आर 15 चा व्यास 668 मिमी येतो आणि 215/75 आर 15 चा 703 मिमीच्या थोडा वर. फरक सुमारे 35, आणि अॅक्सल उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे 18 मिमी.

मग सस्पेन्शन लिफ्टने मिळतं काय? एक, मोठ्या टायरना मडगार्डखाली जागा. दुसरं, चासीचं पोट वर जातं. पोट टेकण्याचा कोन काढायचं सूत्र सोपं आहे: मधली उंची भागिले अर्धा व्हीलबेस, त्याचा टॅन इन्व्हर्स, गुणिले दोन. मधे 260 मिमी उंची असेल तर साधारण 25 अंश, 310 असेल तर 29 अंश. बांध ओलांडताना हे चार अंश कळतात.

आमच्या गाडीत काय बिघडलं

लांब शॅकलचा पहिला नियम: शॅकल जितका लांब कराल त्याच्या निम्मीच उंची मिळते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं आणि अॅक्सल मधोमध असते. म्हणजे 50 मिमीच्या बदल्यात 25 मिमी.

दुसरा नियम महत्त्वाचा. जिप्सीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते टोक खाली गेलं, मागचं जागेवर राहिलं, की पाटा पुढे कलतो आणि त्याला यू-बोल्टने आवळलेली अॅक्सलही कलते. पाट्याची लांबी 900 मिमी धरा. 50 भागिले 900 चा टॅन इन्व्हर्स 3.2 अंश.

तीन अंश म्हणजे काहीच नाही ना? मलाही तसंच वाटलं. पण चाक ज्या किंगपिनभोवती वळतं, ती सरळ उभी नसते, वरच्या बाजूने थोडी मागे कललेली असते. या कलाला कॅस्टर म्हणतात. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो, त्याला हाच कल म्हणतात. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते कॅस्टरमुळे. आणि अशा गाड्यांत तो मुळात असतोच जेमतेम तीन-चार अंश. आमच्या शॅकलनी तो जवळजवळ सगळा खाल्ला होता! चाकांना सरळ जायची आठवणच उरली नव्हती. खड्डा त्यांना जिकडे ढकलेल तिकडे ती जात होती.

याला उपाय म्हणून पाटा आणि अॅक्सलच्या मधे पाचरीसारखी प्लेट घालतात. कॅस्टर परत येतो, पण पुढच्या डिफरन्शियलचं तोंड खाली झुकतं आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो. इथे टी.ओ.एम. आठवा: हुक्स जॉइंट! कोन 10 अंश असेल तर फिरण्याचा वेग प्रत्येक फेरीत सुमारे दीड टक्का वरखाली होतो, 20 अंश झाला की सहा टक्क्यांच्या वर. कोन दुप्पट, थरथर चौपट. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर हे एकमेकांना मारून टाकतात. एकाच बाजूला कलवलं तर नाही.

आणि मग टेप

द्वारकेकडे ट्रकच्या पाट्यांची कामं होतात. तिथल्या एका चाचांकडे आम्ही गाडी नेली. दादाची मागणी वेगळीच होती. त्याला पाटे अॅक्सलच्या खालून काढून वर बसवायचे होते. असं केलं की गाडी एकदम पाचेक इंच वर जाते. चाचा गाडीखाली वाकले, हसले आणि म्हणाले, "बेटी, गाडी तर आधीच खाली बसलीये. वर कुठे चाललात?"

त्यांचं म्हणणं तपासायला मी मोजमाप घेतलं. टायरची हवा मधे येऊ नये म्हणून हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. तसंच माप मैत्रिणीच्या बाबांच्या जिप्सीचं घेतलं, जिचे पाटे दोन वर्षांपूर्वी नवे, कंपनीच्या मापाचे बसवले होते. आमची लिफ्ट केलेली गाडी पुढे 10 मिमी आणि मागे 20 मिमी खालीच होती! म्हणजे वीस वर्षांत पाटे पुढे 35 आणि मागे 45 मिमी बसले होते, आणि शॅकलनी त्यातले 25 भरून काढून बाकीचं झाकलं होतं. पाट्याची कमान गेली की तो सपाट होतो, सपाट झाला की लांब होतो, आणि शॅकलला हलायला जागा उरत नाही. म्हणून गाडी धडधडतही होती. आम्ही लिफ्ट केलीच नव्हती, आजारी गाडीला उंच टाचांच्या चपला घातल्या होत्या.

दादाचा पाच इंचांचा हट्ट मी गणितानेच सोडवला. गुरुत्वमध्य जमिनीपासून 650 मिमी धरू. अर्धा ट्रॅकही 650. गाडी आडवी कलत गेली तर कागदावर 45 अंशांना उलटेल. पाच इंचांनी अॅक्सल आणि चाकं सोडून बाकी सगळं वर जातं, तर गुरुत्वमध्य साधारण 100 मिमी वर. आता 41 अंश. प्रत्यक्षात वळणावर पाटे दबतात, टायर वाकतो, म्हणून खरा आकडा दोन्हीकडे बराच कमी. "बांधावरून बाग दिसते दादा, पण मागे आजी बसलेली असते," असं मी म्हटलं. तो गप्प बसला.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या गाडीची 15 वर्षांची नोंदणी केव्हाच संपली आहे. आता दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि तेव्हा गाडी आरटीओत तपासली जाते. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले काय विचारतील तेही डोक्यात ठेवा.

काम कसं केलं

शेवटी ठरलं: मूळ मापाचे शॅकल, कंपनीच्या मापाचे नवे पाटे, नवे बुश. उंची कंपनीने दिली तेवढीच. जे शिकले ते क्रमाने लिहिते. कोणी कितीही उंच करो, हे चुकत नाही.

1. सपाट जागा, चाकांना दगड. गाडी चासीखाली लोखंडी घोड्यांवर ठेवायची. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीच जायचं नाही. कधीच म्हणजे कधीच.

2. एका वेळी एकच पाटा काढायचा. दोन्ही काढले तर अॅक्सल फिरते आणि मग तिला जागेवर आणता आणता रात्र होते.

3. सेंटर बोल्टचं डोकं अॅक्सलच्या भोकात नीट बसलं पाहिजे. ते हुकलं तर चाक मागेपुढे होतं आणि गाडी तिरकी चालते.

4. यू-बोल्ट नवेच घ्यायचे. जुने एकदा ताणले गेलेले असतात. काही दिवस चालवल्यावर पुन्हा आवळायचे.

5. बुशचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे. हवेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

6. चाकं लटकती ठेवून ब्रेकचे होस बघायचे. ताणले जात असतील तर लांब होस हवेत, चालेल म्हणून सोडायचं नाही. शॉक अॅब्सॉर्बरही पूर्ण लांबीला अडकत नाहीत ना, ते बघायचं.

7. उंची बदलली की स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकचा कोन बदलतो आणि सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं दिसतं. ते लिंकवर जुळवायचं. मग अलाइनमेंट, आणि हेडलाइटचा रोख. नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात.

दोन दिवस लागले. उतरवताना पुन्हा टेप धरली: पुढे सरळ मापात, मागे 5 मिमी जास्त. दोन महिन्यांत पाटे थोडे बसले, तेवढे बसतातच.

पहिली चक्कर काकांनी गंगापूर रोडला मारली. मोकळा रस्ता बघून त्यांनी क्षणभर स्टिअरिंगवरची पकड सैल केली. गाडी सरळ गेली. वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून परत आलं. काकू मागे बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, फक्त घरी आल्यावर गाडी विकायचा विषय काढला नाही. या जुलैमध्ये काळ्या मातीतून जिप्सी बागेत गेली, लिफ्टशिवाय. जे 35-45 मिमी आम्हाला हवे होते ते आमचेच होते, फक्त हरवले होते.

ज्युनियर्सना एकच सांगणं. जिप्सी, जुनी जीप, काहीही असो, उंच करायची इच्छा झाली की आधी टेप घेऊन गाडी कुठे उभी आहे ते मोजा. मग ठरवा तिला कुठे न्यायचंय. आणि मागच्या सीटवर कोण बसतं, तेही हिशोबात धरा.